काळ्या मातीचा कापूस, पांढऱ्या मातीचा प्याला

आजचा धागा एका चहाच्या प्याल्याचा आहे. प्याला चिनी, पांढराशुभ्र. त्यावर हाताने रंगवलेली निळी वेलबुट्टी, वर छोटेसे झाकण, खाली बशी. मात्र सुरुवात चीनपासून न करता यवतमाळ जिल्ह्यातील महागावपासून करू. कारण हा विषय मुळात मातीचा आहे, आणि माती म्हटले की वऱ्हाडाला बोलण्याचा अधिकार आहे.

महागावची जमीन काळी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्ह्याचा काळा पाषाण झिजून झिजून ही माती झाली. पावसात ती फुगते, पायाला चिकटते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाणी धरून ठेवण्याच्या या गुणामुळे ती कापसाला मानवते. कुंभाराला मात्र हीच माती रडवते. नुसती काळी माती चाकावर चढवून वाळत ठेवली की तडकते. म्हणून तिच्यात नदीकाठचा गाळ, राख, लीद असे काहीबाही मिसळावे लागते. शिवाय तिच्यात लोह पुष्कळ. भट्टीतून ती लाल किंवा तपकिरी होऊन बाहेर येते, पांढरी कधीच नाही.

चीनच्या जिआंग्शी प्रांतातील जिंगदेझेन या गावाचे नशीब नेमके उलट होते. तेथील डोंगरांत लोह जवळजवळ नसलेली पांढरी माती सापडे. गावाजवळच्या ‘गाओलिंग’ या टेकडीवरून तिला जगभर ‘केओलिन’ हे नाव पडले. आपण तिला साध्या मराठीत चिनी माती म्हणतो. ही माती एकटी पुरत नाही. तिच्यात एका विशिष्ट दगडाची बारीक पूड कालवावी लागते. माती म्हणजे भांड्याची हाडे आणि दगड म्हणजे मांस, असे तेथील कारागीर म्हणत. सुमारे १३०० अंश सेल्सिअसच्या आचेत दगड वितळतो, मातीच्या सांगाड्यात मुरतो आणि दोन्ही मिळून काचेसारखा एकजीव, टणक, पातळ पदार्थ तयार होतो. उजेडासमोर धरला तर बोटांची सावली पलीकडे दिसते. टिचकी मारली तर घंटेसारखा नाद येतो. आपल्या कुंभाराची उघडी भट्टी एवढ्या आचेच्या जवळपासही पोहोचत नाही. युरोपला हे रहस्य उलगडायला अठरावे शतक उजाडावे लागले. जर्मनीतील माइसेन येथे १७१० साली पहिला कारखाना उभा राहिला.

आता निळा रंग. तो कोबाल्ट या धातूचा. चौदाव्या शतकात, मंगोल राजवटीत, जिंगदेझेनला निळ्या-पांढऱ्या भांड्यांची भरभराट झाली, तेव्हा उत्तम कोबाल्ट इराणातून येत असे. चिनी लोक त्याला ‘मुसलमानी निळा’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. म्हणजे ज्याला आपण अस्सल चिनी समजतो ते भांडे जन्मतःच दोन देशांचे. पुढे चीनमध्येच कोबाल्ट सापडू लागला, पण घडीव नक्षीची आवड निर्माण करण्यात पश्चिम आशियातील गिऱ्हाइकांचा वाटा मोठा होता.

रंगवण्याची रीत जाणून घेण्यासारखी आहे. भांडे घडवून वाळवायचे आणि कच्चे असतानाच त्यावर कुंचल्याने कोबाल्ट लावायचा. कोरडी माती रंग शाईचुसासारखी शोषून घेते. एकदा टेकलेला कुंचला पुसता येत नाही. लावताना रंग काळपट, राखाडी दिसतो, निळा मुळीच नाही. कारागीर जे काढतो ते त्याला दिसते एक आणि भट्टीतून निघते दुसरे. त्यावर पारदर्शक लुकणाचा थर, मग एकदाच भाजणे. या सगळ्यात एका हाताचे काम फार थोडे. फादर दांत्रकोल नावाच्या जेझुइट पाद्र्याने १७१२ साली जिंगदेझेनविषयी एक प्रदीर्घ पत्र लिहिले. एक भांडे पुरे होईतो सत्तर माणसांच्या हातांतून जाते, असे त्याने त्यात नोंदवले आहे. बाह्यरेषा काढणारा वेगळा, त्या रेषांत रंग भरणारा वेगळा. ‘हाताने रंगवलेले’ या शब्दांमागे एक कलावंत नसून अशी कामगारांची रांग उभी असते.

आणि झाकण? त्याला चहाच्या इतिहासात एक कारण आहे. पूर्वी चीनमध्ये चहाच्या वड्या थापत, त्या कुटून पूड करत आणि पाण्यात घुसळून पीत. मिंग घराण्याचा पहिला सम्राट हाँगवू याने १३९१ साली दरबाराला नजराण्यादाखल येणारा वड्यांचा चहा बंद करून सुट्या पानांचा चहा मागवला. मग पाने थेट गरम पाण्यात टाकण्याची रीत पसरली. पाने वर तरंगतात, पिताना ओठांशी येतात. त्यावर उपाय म्हणजे झाकण: ते किंचित तिरपे धरायचे, पाने मागे सारायची आणि फटीतून चहा घ्यायचा. चिनी भाषेत या प्याल्याला ‘गायवान’ म्हणतात. ‘गाय’ म्हणजे झाकण, ‘वान’ म्हणजे वाडगा. आपल्या गाईशी त्याचा काही संबंध नाही, हे सांगून टाकलेले बरे.

अशी भांडी आपल्याकडे फार पूर्वीपासून येत होती. चीनची भांडी हिंदुस्थानात आणि पुढे थेट आपल्या मायदेशापर्यंत जातात, असे मोरोक्कोच्या इब्न बतूताने चौदाव्या शतकात लिहून ठेवले. मुहम्मद तुघलकाचा वकील म्हणून चीनकडे निघालेला हा प्रवासी वाटेत दौलताबादेस थांबला होता. त्याच दौलताबादच्या किल्ल्यातील ‘चिनी महाल’ आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला औरंगजेबाने तेथे कैदेत ठेवले होते. महाल चिनी लोकांनी बांधलेला नाही; भिंतींवरच्या निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरशांमुळे त्याला ते नाव पडले. चकाकी म्हणजे चीन, असे समीकरण दख्खनच्या भाषेत केव्हाच रुजले होते. कोकणात चौलच्या उत्खननात चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले आहेत. गोव्याजवळ सुंची रीफ येथे समुद्रतळाशी सापडलेल्या सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत हस्तिदंत आणि तोफांबरोबर निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांच्या खापऱ्या निघाल्या.

पण हे सारे किनारे आणि किल्ले. महागावच्या शेतकऱ्याचा या प्याल्याशी संबंध कोठे येतो? त्यासाठी प्याला सोडून त्याच्या किमतीकडे वळावे लागेल.

१७८४ साली ब्रिटिश संसदेने चहावरील कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला. इंग्लंडमध्ये चहाची मागणी एकदम फुगली. चहा मिळे फक्त चीनमध्ये, आणि परदेशी व्यापाऱ्यांना चीनचे दार उघडे होते फक्त कँटन बंदरात, तेही सरकारमान्य चिनी व्यापाऱ्यांच्या मार्फत. चीनला इंग्रजी मालात रस नव्हता. त्याला हवी होती चांदी. दरवर्षी जहाजे भरून चांदी पाठवणे ईस्ट इंडिया कंपनीला परवडेना. मग चांदीऐवजी चीन घेईल असा माल शोधणे आले. तो माल हिंदुस्थानात निघाला: एक कापूस, दुसरी अफू.

या व्यापारात मुंबई मोठी झाली. हिरजी जीवनजी रेडिमनी हा पारशी व्यापारी १७५६ साली चीनला गेला होता. पुढच्या पिढ्यांनी ती वाट राजमार्ग केली. जमशेटजी जीजीभाई यांनी चीनच्या पाच वाऱ्या केल्या. रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यामुळे ‘बाटलीवाला’ म्हणून ओळखले जाणारे हे गृहस्थ १८०५ साली फ्रेंचांच्या हाती सापडले. त्या कैदेतच जहाजावरचा डॉक्टर विल्यम जार्डिन याच्याशी त्यांची ओळख झाली. जार्डिन पुढे अफूच्या व्यापारातला सर्वांत बलाढ्य इंग्रज ठरला आणि जमशेटजी त्याचे मुंबईतील भागीदार. जाताना जहाजात कापसाच्या गाठी आणि अफूच्या पेट्या. येताना चहा, रेशीम, साखर आणि चिनी भांडी. कंपनीच्या चहाच्या जहाजांत भांड्यांना अगदी तळाला जागा मिळे. पाणी शिरले तरी त्यांचे काही बिघडत नाही, वजनाने जहाज स्थिर राहते आणि वरचा चहा कोरडा राहतो. आज काचेच्या कपाटात दिमाखाने बसणाऱ्या भांड्यांनी अशी ओझ्याची नोकरी केलेली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या कच्च्या कापसाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक इंग्लंड नव्हे, चीन होते. त्यातला बहुतेक कापूस गुजरातचा. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या राज्यात, समुद्रापासून शेकडो मैल आत. येथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून उत्तरेस, गंगाकाठच्या मिर्झापूरच्या बाजारात जात असे. मग १८२५-२६ साली विकाजी मेहेरजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकार बंधूंनी वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईला धाडला. रस्ता म्हणावा असा नव्हताच. बंजाऱ्यांचे तांडे, हजारो बैल, दोन्ही अंगांना लटकणारी ओझी. वाटेत धूळ, काटेरी झुडपे आणि अवकाळी पावसाचे भय. परतीच्या खेपेला मीठ. पुसद, महागाव, उमरखेड या पट्ट्यात आजही बंजारा समाज मोठ्या संख्येने आहे, हे या संदर्भात ध्यानी घ्यावे. आगगाडी येण्यापूर्वी देशाचा माल या लोकांच्या पायांवर चालला.

या पेस्तनजींविषयी जरा थांबून सांगितले पाहिजे. मराठी वाचकांना त्यांचे नाव फारसे ठाऊक नाही आणि ते असायला हवे, असे मला वाटते. निजामाला ते कर्ज देत, बदल्यात वऱ्हाडचा महसूल गोळा करण्याचा मक्ता घेत. औरंगाबादच्या टांकसाळीत त्यांनी पाडलेले रुपये ‘पेस्तनशाही’ म्हणून चालले. एका खासगी सावकाराच्या नावाने नाणे ओळखले जावे, यावरून त्यांची पत समजते. पण १८४० च्या दशकात निजाम सरकारने मक्त्याचे प्रदेश काढून घेतले, देणे थकले आणि ही पेढी बुडाली. निजामाची कर्जे मात्र संपली नाहीत. १८५३ साली इंग्रजी फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी त्याला वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात द्यावे लागले. एक आख्खा सुपीक प्रांत देण्यापोटी हस्तांतरित झाला, आणि त्याच्या काळ्या जमिनीवर राबणाऱ्या कुणब्याला त्याविषयी कोणी विचारले नाही.

आता अफूकडे वळू. तिला वगळून प्याल्याची गोष्ट सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. बंगालची अफू कंपनीच्या मक्त्याची होती. पण मुंबईहून जाणारी अफू माळव्याची, म्हणजे मोठ्या प्रमाणावर शिंदे आणि होळकर यांच्या मुलखातली. कंपनीने ती रोखण्याचा प्रयत्न केला, तर व्यापाऱ्यांनी कराची आणि पोर्तुगीज दमणच्या वाटा काढल्या. अखेर १८३१ पासून कंपनीने परवान्याचे शुल्क आकारून माळव्याची अफू मुंबईतून जाऊ द्यायला सुरुवात केली. मराठेशाहीच्या उत्तरार्धाचा इतिहास आपण लढाया आणि तहांनी मोजतो. या संस्थानांच्या, तेथील सावकारांच्या आणि मुंबईच्या शेठियांच्या जमाखर्चात खसखशीच्या शेताला किती मोठे स्थान होते, हे मात्र शाळेत शिकवले जात नाही. १८३९ साली लिन झेशू या चिनी अधिकाऱ्याने परदेशी व्यापाऱ्यांची वीस हजारांहून अधिक पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. त्यात मुंबईच्या व्यापाऱ्यांचा माल होता. इंग्लंडने त्यावरून युद्ध पुकारले, १८४२ साली हाँगकाँग घेतले आणि चीनची आणखी बंदरे उघडायला लावली. त्याच वर्षी जमशेटजींना ‘सर’ ही पदवी मिळाली. त्यांच्या दानातून मुंबईत जे. जे. रुग्णालय उभे राहिले, १८५७ साली कलाशाळा सुरू झाली. दान खरे होते आणि त्याने असंख्य लोकांचे भले केले. पैशाचा उगमही तितकाच खरा होता. या दोन्ही गोष्टी एका वाक्यात बसवणे अवघड जाते, म्हणून बहुधा आपण एकच सांगतो.

अमेरिकेत १८६१ साली यादवी सुरू झाली आणि तेथला कापूस अडकला. लँकेशायरच्या गिरण्या मुंबईकडे धावल्या. वऱ्हाडात कापसाला कधी न ऐकलेला भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. मुंबईत पेढ्या आणि बँका धडाधड बुडाल्या. कापूस घेऊन लंडनला गेलेल्या एका तरुण पारशी व्यापाऱ्याच्या हातातील हुंड्या रातोरात कागद ठरल्या. त्याचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला ज्या युद्धाचे नावही माहीत नसते, ते वेचणीच्या वेळी भाव ठरवते. यवतमाळ जिल्ह्याला हा अनुभव तेव्हापासूनचा आहे आणि तो जुना झालेला नाही.

जमशेटजी टाटांचे नाव येथे योगायोगाने आलेले नाही. १८५९ साली, विशीत, ते हाँगकाँगला गेले होते. वडिलांच्या पेढीचा तेथील व्यापार कापसाचा आणि अफूचा होता. पुढे त्यांनी गिरणी काढायचे ठरवले आणि जागा निवडली नागपूर. मुंबई सोडून तेथे कशाला, असे अनेकांनी विचारले. उत्तर सरळ होते: कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि १८६७ साली नागपूरपर्यंत आगगाडी पोहोचलेली. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली. विदर्भाच्या काळ्या मातीतला कापूस आता कँटनला न जाता नागपुरात सूत होऊ लागला. टाटांच्या पुढच्या उद्योगांचा पाया या गिरणीच्या नफ्याने भक्कम केला.

जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांचा जन्म १८७१ सालचा. (अलीकडचे रतन टाटा वेगळे, नामसाम्याने घोटाळा होतो.) त्यांना कलावस्तूंचा नाद होता. पाटलीपुत्राच्या उत्खननाला त्यांनी पैसा दिला. लंडनजवळ ट्विकनहॅमला यॉर्क हाउस नावाचा वाडा घेतला. चित्रे, जेड, तपकिरीच्या बाटल्या आणि चिनी भांडी जमवली. १९१८ साली ते निवर्तले. त्यांचा संग्रह मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाला मिळाला. हे संग्रहालय १९२२ साली लोकांसाठी उघडले. थोरले बंधू सर दोराबजी यांचा संग्रह १९३३ मध्ये तेथेच आला. आज त्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. तेथील चिनी आणि जपानी कलेच्या दालनात निळी-पांढरी भांडी पाहायला मिळतात.

दालनातल्या अमुक एका भांड्याची किंमत महागावच्या अमुक कापसाने चुकती झाली, अशी पावती कोणी दाखवू शकणार नाही, आणि तसा दावा मी करत नाही. पण ज्या व्यापाराने ही भांडी मुंबईला आणली आणि ज्या संपत्तीने ती पुढे जमवली गेली, त्या दोहोंत वऱ्हाडच्या आणि माळव्याच्या शेतांचा वाटा होता. दालनातील पाट्यांवर सामान्यतः घराणे, शतक आणि देणगीदाराचे नाव असते. शेताचे नाव नसते.

दालनात गेलात तर काय पाहावे, हे थोडक्यात सांगतो. निळा रंग सर्वत्र एकसारखा असेल, नक्षी ठरावीक अंतरावर जशीच्या तशी येत असेल आणि एखाद्या जागी जोड दिसत असेल, तर ते कागदी छापाचे काम. असा माल इंग्लंडच्या कारखान्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ढिगाने काढला. हाताच्या कामात रेघ कोठे जाड, कोठे बारीक असते, पाण्यात कालवलेला फिकट निळा रेषेबाहेर किंचित ओघळतो, आणि दोन पाने हुबेहूब सारखी नसतात. बुडाच्या कड्याकडे पाहा; भट्टीत चिकटू नये म्हणून तेथे लुकण पुसलेले असते आणि उघडी माती दिसते. तळाशी चिनी अक्षरांत राजवटीचे नाव असेल, तर लगेच त्यावर विसंबू नका. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या कांगशी राजवटीतील कारागीर आपल्या भांड्यांवर दोनशे वर्षे जुन्या चेंगह्वा राजवटीची अक्षरे सर्रास लिहीत. त्यात फसवणुकीपेक्षा पूर्वजांविषयीचा आदर अधिक असे. झाकणाच्या प्याल्याबाबत आणखी एक: झाकण आणि वाडगा यांचा निळा जुळतो का, ते पाहावे. झाकण लवकर फुटते आणि दुसऱ्या संचाचे बसवले जाते.

मुंबईच्या पारशी घरांत अशा भांड्यांना दिवाणखान्यात मान होता. मराठी घरांत मात्र चिनी मातीचे काय करायचे, हा प्रश्न बराच काळ सुटला नव्हता. तांब्या-पितळेचे भांडे राखेने, चिंचेने घासले की शुद्ध. मातीचे मडके विटाळले की टाकून द्यायचे. चिनी प्याला यांतल्या कोणत्या रकान्यात घालायचा? चकाकतो धातूसारखा, पण आहे माती. आणि तो कोणाच्या हातचा, हा प्रश्न त्याहून मोठा. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे पाद्र्यांनी चहा ठेवला. मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. कोणी चहा घेतला, कोणी यजमानांचा मान राखून प्याला नुसता हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या पतींनी, उपस्थितांची नावे वृत्तपत्रातून जाहीर केली आणि मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, पुढे रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला. प्याल्याला कोणाचा हात लागला, यावर पुण्यात रकानेच्या रकाने खर्ची पडले. हा प्रश्न दलितांसाठी पुढेही संपला नाही. त्यांच्यासाठी हॉटेलाबाहेर वेगळा, बहुधा कान तुटलेला कप ठेवण्याची रीत खेड्यापाड्यांत विसाव्या शतकातही टिकून होती.

जाता जाता लोणच्याच्या बरणीविषयी. पांढऱ्या अंगाची, पिवळ्या किंवा तपकिरी खांद्याची ती बरणी आपण चिनी मातीची म्हणतो. प्रत्यक्षात ती आपल्याच देशात बनलेली, जाड, अपारदर्शक, वेगळ्या मातीची. तिच्यातून उजेड दिसत नाही. पण मीठ आणि आंबट सोसण्याचा गुण तिच्या लुकणात आहे, आणि त्या गुणामुळे सोवळ्याच्या फडताळात तिने प्याल्याच्या कितीतरी आधी जागा मिळवली.

‘चहा’ हा शब्द चिनी ‘छा’चा वंशज. तो पोर्तुगीजांच्या बोटीतून आला असो वा फारशीच्या वाटेने, इंग्रजीतल्या ‘टी’पेक्षा तो मूळ उच्चाराच्या जवळ राहिला. चहाबरोबर कप आला, बशी आली. झाकण तेवढे आले नाही. यात कोणाचा निष्काळजीपणा नाही. आपण चहा साखर-दुधासह उकळतो आणि गाळणीतून गाळतो. कपात पानेच उतरत नाहीत, मग ती मागे सारायला झाकण कशाला? बशीला मात्र आपण चीनमध्ये कधी नव्हते असे काम दिले. महागावच्या बसथांब्यावर, यवतमाळहून उमरखेडकडे जाणारी गाडी सुटायच्या बेतात असताना, उकळता चहा बशीत ओतून दोन फुंकरांत संपवणारा माणूस पाहा. कापूस विकून तो घरी निघालेला असू शकतो.